मोडीत गेलेली गिटार

खून पाहिले, दरोडे पाहिले. पण पितळी गिटारची ती घटना आठवली की आजही मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालू लागतो. घरचे हसतात. हसू देत.

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि मी अमरावतीला फौजदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच शहरातले एक नामांकित वकील तरातरा ठाण्यात आले. त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेतली गिटार चोरीला गेली होती. साधी लाकडी नव्हे. अंग सगळं पितळेचं, वर निकेलचा मुलामा, फक्त मान लाकडाची. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवायची. त्यांच्या थोरल्या भावाने लढाईच्या काळात एका गोऱ्या सोल्जराकडून ती घेतली होती. असली दुसरी अख्ख्या वऱ्हाडात नसेल. भाऊ वारले आणि गिटार ट्रंकेत गेली. भावाच्या श्राद्धाच्या दिवशी वकिलांनी ट्रंक उघडली, तर रिकामी.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"अकोल्याचा एक मिस्त्री आहे, हार्मोनियम दुरुस्त करतो. दिवाळीआधी आमच्याकडे आला होता. त्याने ती पाहिली आणि विकता का म्हणून विचारलं होतं. दुसरं कोण नेणार?"

मोठ्या माणसाची फिर्याद आली की ठाण्याची झोप उडते. वरून सारखी विचारणा. आठवडा सरायच्या आत खबऱ्याने बातमी आणली, की अकोल्यात त्या मिस्त्रीच्या दुकानात एक चकाकणारं वाद्य खोलून ठेवलेलं आहे. सकाळच्या पॅसेंजरने मी आणि जमादार निघालो. स्थानिक पोलीस आणि दोन पंच घेऊन दुकानाची झडती घेतली.

झडती कसली! वाद्य समोर पाटावरच होतं. मान नवी कोरी, सागाची. पितळेच्या पोटात पातळ ॲल्युमिनियमची मोठी वाटी बसवलेली असते, सगळा आवाज तिचा. ती चेपली होती आणि मिस्त्री पळीच्या पाठीने ती आतून हळूहळू उचलत होता. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. आम्हाला पाहून पळाला नाही की गडबडला नाही. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला आणि हाताला दोरी बांधून त्याला भर बाजारातून नेलं. गल्ली दुकानं सोडून पाहायला उभी राहिली. समोरचा अत्तरवाला तर पायरी उतरून खाली आला.

अमरावतीला आणून विचारपूस सुरू केली.

"कुठून आणली?"

"मोडीतून, साहेब. तुमच्याच भांडेबाजारातून. पितळेच्या भावानं घेतली."

त्याने दुकान सांगितलं. तिथल्या मालकाला, शेटजींना, बोलावलं, तर त्यांनी कानाला हात लावले. "असलं काही आमच्याकडे आलंच नाही, साहेब."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. "शेटजी, खुदा से तो डरो," एवढंच म्हणाला.

खोटं बोलणारा दर खेपेला नवं काहीतरी जोडतो, हा माझा अनुभव. हा माणूस पुन्हा पुन्हा तेवढंच सांगत होता आणि त्याला काळजी होती ती भलतीच. "साहेब, ते वाद्य कुठं उपडं ठेवू नोका. आतली वाटी आता कुठं उभी राहून राहिली."

जमादार मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायब, हा खोटं बोलून नाई राहिला. अन् शेटजी पाहा, बसल्या बसल्या घामानं भिजून राहिला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. रिमांड मागितला की चोरीचा माल बाळगणारा म्हणून त्याच्यावर शिक्का बसणार. मला चीड येत होती, आणि कोणाची ते कळत नव्हतं. सकाळी पंचांसमक्ष मुद्देमाल पुन्हा काढला आणि त्याला विचारलं, "जुनी मान कुठे आहे?"

"मले मान भेटलीच नाई. कापलेलीच होती. हे पाहा ना, खुंट आतच आहे."

पाहिलं. खुंटावर करवतीची सरळ खूण. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे घरात लग्न निघालं की फुटकी-जुनी भांडी मोड म्हणून दुकानात द्यायची आणि वजनाच्या हिशेबात नवी घ्यायची. वजन करण्याआधी दुकानदार लोखंडी कड्या, लाकडी मुठी काढून टाकतो, काट्यावर नुसतं पितळ चढवतो. गिटार चोरणारा शौकीन तिची मान कशाला कापेल? ती मान वजनासाठी कापली होती. म्हणजे वाद्य शेटजींच्या दुकानात भांडं म्हणून आलं होतं. ते चोराने आणलं असतं तर शेटजींनी त्याचं नाव सांगून केव्हाच अंग काढून घेतलं असतं. शेटजी ज्या घराला भीत होते, ते चोराचं नव्हतं, बड्या माणसाचं होतं.

मी तडक वकिलांकडे गेलो. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. बैठकीत नव्या घागरी, परातींची उतरंड लागलेली. वकिलीणबाई चहा घेऊन आल्या.

"भांडी छान आहेत," मी म्हणालो. "मोडीत काय काय दिलं, बाई?"

"हा काय प्रश्न झाला?" वकील कडाडले.

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "माळा साफ केला तेव्हा तेही दिलं. काळं पडलं होतं, एक तार नव्हती. मला वाटलं, मोठ्या भाऊजींनी आणलेलं एखादं मोडकं यंत्र असेल. मग हे इतके संतापले की माझं तोंडच उघडेना. तो माणूस कोठडीत गेल्याचं ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही मला."

वकिलांनी उठून बैठकीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "गिटार सापडली ना? त्याला सोडून द्या. बोभाटा नको."

दुपारी कोर्टातून मिस्त्री सुटला, गिटार वकिलांच्या ताब्यात गेली. कागद पुरे झाले. पण मिस्त्री ठाण्याच्या बाकावरून उठेना.

"माह्या गल्लीतून दोरी बांधून नेलं, साहेब. आता एकटाच गेलो तर लोक म्हनतीन, पैसे चारून सुटला. भजनी मंडळवाले मले हार्मोनियम कावून देतीन? माह्यं दुकान बसलं."

यावर कायद्यात कलम नाही. जमादार त्याला आपल्या घरी जेवायला घेऊन गेला आणि मी संध्याकाळी पुन्हा वकिलांच्या दारात. जसं ऐकलं तसं सांगितलं. वकील म्हणाले, होईल हळूहळू शांत. बाई मात्र उठल्या. "अकोल्याची सकाळची गाडी कितीची आहे?"

दुसऱ्या दिवशी लग्नघर सोडून त्या निघाल्या. वकील गिटार उचलून मागे. मिस्त्री आणि मी पुढे, त्याच बाजारातून. दुकानाशी पोचलो तेव्हा गल्ली गजबजलेली होती. बाई पायरीशी थांबल्या. "भाऊ, मोडीत मीच दिली होती. तुमचा काही दोष नाही."

मिस्त्रीने हातातली किल्ली तशीच ठेवून समोर पाहिलं. "बाई, जरा जोरानं बोला. समोर आयकू नाई गेलं."

वकिलांचा चेहरा लाल झाला. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी पदर सारखा केला, गल्लीकडे तोंड केलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, पार कोपऱ्यापर्यंत जाईल असं. अत्तरवाल्याने मान खाली घातली. मग आतून आपलं स्टूल आणून त्यांना बसायला दिलं.

मिस्त्रीने कुलूप उघडलं. बाईंनी नवऱ्याच्या हातातली गिटार घेऊन पाटावर ठेवली. "आता पुरती करा. लग्न झालं की न्यायला मीच येईन."

माणसाला सोडण्याचा हुकूम कोर्ट देतं. त्याचं नाव त्याला परत देण्याचा हुकूम कोणी देत नाही, हे मला त्या गल्लीत कळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत, निर्दोष ठरलेल्या माणसाला मी ज्या रस्त्याने आणलं त्याच रस्त्याने, दिवसाढवळ्या, बरोबर चालत घरी पोचवत आलो. वरिष्ठ विचारायचे, हे कोणत्या नियमात बसतं? कोणत्याच नाही, मी सांगायचो. दाराशी पोचलो की म्हणायचो, याचा काही गुन्हा नाही. समोरच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.