दीड मिनिटाचा वॉल्ट्झ आणि अकोल्याचं स्थळ

मी पियानो वाजवतो, हे मला माझ्या मुलाच्या बायोडेटावरून कळलं. अर्थात, तो बायोडेटा मीच लिहिला होता.

झालं असं, की आमच्या समीरचं शिक्षण, पुण्याची नोकरी, उंची आणि रास पाच ओळींत संपली. अर्धा कागद कोरा! मग मी 'वडील' या शब्दापुढे 'निवृत्त प्राध्यापक, पाश्चात्त्य पियानोवादनाचा छंद' असं ठोकून दिलं. (कागद भरला, हे महत्त्वाचं.) पाठोपाठ अकोल्याहून फोन. मुलगी मुक्ता स्वतः पियानो वाजवते, घरी पियानो आहे, महिन्याभरानं या आणि येताना काहीतरी बसवून या. समीरला मुक्ता फोटोतच इतकी आवडली होती, की जन्मात पहिल्यांदा तो मला "बाबा, प्लीज" म्हणाला.

"काहून लिवलं असं?" बायकोनं विचारलं. "तुमाले दारावरची बेल धड वाजवता येत नाही."

शेजारची रश्मी लहान मुलांना कीबोर्ड शिकवते. तिनं माझ्यासाठी दोनेकशे वर्षांपूर्वीचा, जेमतेम दीड मिनिटाचा एक वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची एक धून, निवडला. डाव्या हातानं 'धुम-छक-छक' करत राहायचं आणि उजव्यानं वर नाजूक गायचं, इतकं सोपं. माझे दोन्ही हात मात्र वाटण्या झालेल्या भावांसारखे वागत होते. रोज तीन तास मी घाम गाळला. शेवटच्या चार ओळी उरल्या आणि रश्मी मामेबहिणीच्या लग्नाला तिवस्याला निघून गेली. शेवट शिकेपर्यंत परत वरून घेत जा काका, असं तिनं जाताना सांगितलं. आज्ञाधारक विद्यार्थी म्हणून मी तेच घोटलं.

अकोल्याला बैठकीत पंधरा माणसं जमली होती. बसलो, वाजवलं आणि खरं सांगतो, बरं वाजलं. मग त्या चार ओळी आल्या आणि हात आपोआप परत पहिल्या ओळीवर गेले! दुसऱ्या फेरीलाही माना डोलल्या. तिसऱ्या फेरीला मुक्ताच्या आजोबांनी डोळे मिटले. तल्लीन झाले असावेत, असं मी धरून चाललो. चौथ्या फेरीला आलेले पोहे तसेच आत परत गेले. मध्येच थांबावं, तर मला अर्धवटच येतं हे सगळ्यांना कळलं असतं. समीर फरशी मोजत होता आणि मला रडू यायचंच बाकी होतं. सातव्या फेरीला मुक्ता शेजारी येऊन बसली, माझे हात हळूच बाजूला केले आणि शेवटच्या चार ओळी वाजवून टाकल्या.

केवढा टाळ्यांचा कडकडाट! तीस वर्षांच्या नोकरीत मला तेवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्या वाजवल्याबद्दल नसून संपल्याबद्दल होत्या, हे परतताना बडनेऱ्याजवळ बायकोनं समजावून सांगितलं.

दोन दिवस फोन नाही. समीर माझ्याशी बोलेना, धड जेवेना. माझ्या एका ओळीनं पोराचं जमत आलेलं मोडलं, या विचारानं मलाही घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी मुक्ताच्या वडिलांचा फोन आला.

"पोरगा आमाले पसंत आहे," ते म्हणाले. "फक्त मुक्तानं एक विचारायले सांगतलं. लग्नानंतर हे दोघं पुण्यालेच राहतीन ना?"

मी हो म्हणालो.

"अन् तुमी?"

"आम्ही कायमचे अमरावतीला."

पलीकडे त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

"मंग काढा मुहूर्त."