साई भाजीच्या कागदाखालचं नाव

माझ्या आईच्या पद्धतीची साई भाजी अंबरनाथ-बदलापूरच्या कितीतरी घरांत आजही शिजत असेल. त्यातल्या बहुतेक घरांनी आईला ओट्यापर्यंत येऊ दिलं नसतं. राग जिरला की लिहू, असं म्हणत मी पस्तीसएक वर्षं थांबले. तो काही जिरत नाही, म्हणून आता आहे तसाच लिहिते.

आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहायचो. वडील रंगाच्या कारखान्यात होते, आणि कारखाना वर्षातून दोन-तीन महिने हटकून बंद पडायचा. त्यामुळे आई उल्हासनगरला कॅम्पात एका सिंधी बाईंकडे कामाला जायची. आधी धुणंभांडी, मग भाजी निवडणं-चिरणं, आणि बाईंचे गुडघे धरले तसा सगळा स्वयंपाकच तिच्याकडे आला. साई भाजी तिला त्या बाईंनी शिकवली. पालक, थोडा चुका, मूठभर शेपू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि घरात असेल ती भाजी, सगळं एकत्र शिजवून घोटायचं आणि वरून लसणाची फोडणी द्यायची. "बच्चा और कुछ न खाए, ये खा ले, बस हो गया," बाई म्हणायच्या. त्यांनी आईला जात विचारली नव्हती असं नाही. पहिल्याच दिवशी विचारली. आई म्हणाली, बौद्ध. बाई म्हणाल्या, "अच्छा. हाथ धो ले और आटा निकाल." आईनं हा किस्सा आम्हाला पुष्कळदा सांगितला होता.

मी सातवीत होते त्या वर्षी आमच्या शाळेत कँटीन सुरू झालं. त्याआधी मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर वडापावची गाडी लागायची आणि ज्याच्या खिशात पैसे तो खायचा. बाकीचे नळावर पाणी पिऊन परत वर्गात. प्रार्थनेच्या वेळी मुली चक्कर येऊन पडायला लागल्या तेव्हा एक डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. मग आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मनावर घेतलं. मुलांना शाळेतच गरम, सकस जेवण द्यायचं. त्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती. मी घरी सांगितलं आणि आई दुसऱ्या दिवशी स्वतःची कढई घेऊन शाळेत जाऊन उभी राहिली.

मोठ्या बाईंनी तिच्या हातची भाजी चाखली आणि तिला ठेवून घेतलं. "दिवाळीपर्यंत बघू. रोजची शंभर ताटं टिकली तर तुम्हाला कायम करून घेऊ," असं त्या म्हणाल्या. आईला त्या रात्री झोप लागली नसावी. दुसऱ्यांच्या घरी उष्टी काढण्यात तिची बारा वर्षं गेली होती. इथे एक अख्खं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली येणार होतं, आणि तेही शाळेतलं. तिला तेवढंच हवं होतं.

पहिल्या दिवशी निघताना तिनं मला बजावलं, "शाळेत मला आई नाय म्हणायचं. सगळी पोरं मावशी म्हणतील, तू पण मावशीच म्हण." मला वाटलं, स्वयंपाकीणबाईची मुलगी म्हणून मला कुणी चिडवू नये, एवढाच तिचा विचार. मी ताट पुढे करून म्हणायचे, "मावशी, थोडा भात वाढा." ती मला इतरांपेक्षा अर्धी पळी कमीच वाढायची. हिच्या ताटात जास्त पडतं, असं कुणी म्हणायला नको म्हणून. घरी आल्यावर मी त्यावरून तिच्याशी भांडायचे.

कँटीन म्हणजे खेळाचं सामान ठेवायची पत्र्याची खोली होती. त्यात आईनं मटकीला मोड आणले, नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, कोबी-गाजर किसून थालीपिठं लावली. शाळेमागे शेवग्याचं झाड होतं, त्याचा पाला डाळीत जायचा. भाजी ती वालधुनीच्या काठची घ्यायची नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यानं नदीचं पाणी एक दिवस जांभळं, एक दिवस हिरवं, तसलं पाणी प्यायलेला पालक पोरांना घालणार नाही म्हणायची. बदलापूरच्या पलीकडच्या गावांतून बायका टोपल्या घेऊन स्टेशनाबाहेर बसत, त्यांच्याकडून ती सकाळीच जुड्या आणायची आणि चार पाण्यांत धुवायची. शाळा तेल मोजकंच द्यायची, म्हणून ती अख्ख्या पातेल्याला दोन पळ्या घालायची. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी या कमी तेलाचं फार कौतुक केलं. आमच्या घरी जन्मभर तेवढ्याच तेलात स्वयंपाक होत आला होता, त्याला सकस आहार म्हणतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

साई भाजी बुधवारी आणि शनिवारी असायची. शेपूच्या वासानं नाकं मुरडणारी मुलं ती भाजी भाताबरोबर ओरपायची, कारण आई ती अशी घोटायची की शेपू शोधून सापडायचा नाही. महिनाभरात ताटं सव्वाशेवर गेली आणि वडापाववाल्यानं गाडी हलवून कोपऱ्यावरच्या क्लासबाहेर नेली. पालकसभेत बायका उठून बोलायला लागल्या. आमचा घरी पालकाला हात लावत नाही, इथे दोनदा मागून खातो म्हणे, आम्हाला कृती द्या, घरी करू. मोठ्या बाई खूश झाल्या. शाळेतलं जेवण घरोघरी पोचलं तर याहून चांगलं काय, असं म्हणून त्यांनी कृतीचा कागद काढायचं ठरवलं. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत वळणदार होतं, तेव्हा प्रती काढायला लागणारी मेणकागदाची स्टेन्सिल मीच कापायची होती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आई घरी भाजी करत होती आणि मी शेजारी वही घेऊन बसले होते. "हरभऱ्याची डाळ किती?" मी विचारलं.

"पोरांच्या मानानं."

"असं नाही लिहिता येत. वाटीनं सांग."

"तुझ्या वाट्याबिट्या मला नाय समजत. हातानं घालते मी." मग ती मूठ भरून डाळ वाटीत ओतायची, आणि मी वाटीत वाकून बघून पाऊण वाटी असं लिहायचे. पालक दोन जुड्या, चुका अर्धी, शेपू चार काड्या. चुका आधी घालायचा नाही, डाळ शिजत नाही. ही एक गोष्ट तिनं मला तीनदा सांगितली आणि मी खाली रेघ ओढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात बसून मी लोखंडी टोकाच्या लेखणीनं ते सगळं मेणकागदावर कोरलं. वर शीर्षक, मग साहित्य, मग कृती. खाली चार बोटं जागा उरली. मला त्या जागेचा मोह झाला. वर्गात सगळ्या मुली बोटं चाटत म्हणायच्या, मावशींच्या हाताला काय चव आहे, आणि मी मूग गिळून बसायचे. ही माझी आई आहे, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि बोलायची मनाई होती. लिहायची मनाई तिनं केलेली नव्हती. मी कोरलं, 'ही कृती शाळेच्या स्वयंपाकघरातील सौ.', आणि पुढे आईचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. मोठ्या बाईंनी वरच्या चार ओळी वाचल्या, अक्षर छान आहे म्हणाल्या, आणि शिपायानं तीनशे प्रती काढून शाळा सुटताना मुलांना वाटल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मी हवेत होते.

आमचं आडनाव असं आहे की ते वाचल्यावर आमच्याकडे कुणाला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही.

सोमवारी ताटं ऐंशी झाली. बुधवारी पन्नास. आईनं पातेलं नेहमीचंच चढवलं होतं. उरलेला भात ती झाकून ठेवत राहिली, आणि ताप-बिप आला असेल पोरांना, असं म्हणाली. मला तर आधी आनंदच झाला होता, कारण वर्गात डबे उघडले की आत हिरवीगार साई भाजी दिसायची. एकीच्या, दोघींच्या, पाच जणींच्या डब्यांत. कागद बघून घरोघरी भाजी होत होती. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं डबा माझ्यापुढे सरकवला. "घे ना. आईनं केलीय, अगदी कागदात लिहिलंय तश्शी."

"मग कँटीनला का नाही येत?" मी विचारलं.

ती मोकळ्या मनाची मुलगी होती, तिनं सरळ सांगून टाकलं. "बाबांनी खालचं नाव वाचलं ना. ते म्हणाले, त्यांच्या हातचं आपल्याला चालत नाही. घरी जमतंय तर तिकडे कशाला?" मग तिच्या लक्षात माझं आडनाव आलं असावं. तिनं डबा मागे घेतला नाही, पण त्याच्याकडे बघत बसली. तिची आई भाजीत गूळ घालत होती, वासावरून कळत होतं.

आईची कृती चालत होती, अंदाज चालत होता, चुका केव्हा घालायचा ती अक्कल चालत होती. फक्त तिचा हात चालत नव्हता. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. हे सगळं मी माझ्या वळणदार अक्षरात घडवून आणलं होतं, एवढं मात्र मला स्वच्छ समजलं होतं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. आवाज चढवायची त्यांची पद्धत नव्हती. "मी स्वतः असलं काही मानत नाही," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी कधी बोलले का? पण पालकांचं मन सांभाळावं लागतं. मुलं उपाशी राहण्यापेक्षा..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. स्वयंपाकाला बदलापूरहून एक काकू येणार होत्या. आईनं व्हरांडे आणि वर्ग झाडायचे. पगार तोच. आणि दिवाळीची वाट न बघता तिला याच महिन्यापासून कायम करण्यात येत होतं.

आईनं विचारलं, "पाणी भरून ठेवायचं का पोरांना?"

"पाणी नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाण्याचं शिपाई बघेल."

आई हो म्हणाली. वडिलांचा कारखाना बंद होता आणि सिंधी बाईंचं काम तिनं सोडलं होतं. मग मोठ्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की कागद नव्यानं काढावा लागेल, खालची ओळ तेवढी नको. मी नाही म्हणू शकले असते. शाळेत दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं असं थोडंच होतं? पण मला वाटलं, ती ओळ काढली की सगळं मागं फिरेल आणि आई परत पातेल्यापाशी येईल. मी ऑफिसात बसून आख्खी कृती पुन्हा कोरली आणि चार बोटं जागा कोरी सोडली. काही मागं फिरलं नाही.

काकू स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांना शंभर पोरांचा अंदाज नव्हता. त्यांनी चुका सुरुवातीलाच घातला आणि डाळ टणक राहिली. दुसऱ्या वेळी भाजी खाली लागली. मुलं ताटात टाकून उठायला लागली. तेव्हा मोठ्या बाईंनी आईला निरोप पाठवला, की दारात उभं राहून काकूंना जरा सांगत जा.

बुधवारी मी रांगेत होते. आई खोलीच्या उंबऱ्याबाहेर झाडू हातात घेऊन उभी होती आणि आत काकू पातेल्यावर वाकल्या होत्या. चाखून बघायची सोय नव्हती. आई वाफ बघत होती, वास घेत होती. "आता डाळ दाबून बघा, ताई. बोटानं फुटते का? फुटली? मग आता चुका टाका. आता घोटा. अजून घोटा, शेपू दिसतोय." काकू हो-हो म्हणत तसं करत गेल्या. भाजी अगदी बरोबर झाली. त्या महिनाअखेरीला ताटं दीडशेवर गेली.

गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्याला दाराबाहेर उभं करून औषधही काढून घेतलं होतं. मी त्या दिवशी घरी येऊन आईवर ओरडले. तिनं चूल पेटवली होती, भाकरी थापत होती.

"का सांगितलंस त्यांना? चुकीचं सांगायचंस. खारट होऊ द्यायची, करपू द्यायची. कळलं असतं सगळ्यांना."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "काय कळलं असतं? म्हणाले असते, हिलाच येत नव्हतं."

तिनं भाकरी उलटली. आतापर्यंत त्या कागदाबद्दल तिनं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिला मनातून बरं वाटलं असेल, छापील कागदावर आपलं नाव पहिल्यांदाच बघून, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

"आणि नाव माझं होतं," ती म्हणाली. "टाकायच्या आधी मला विचारायचंस."

त्यानंतर सोळा वर्षं ती त्या शाळेचे व्हरांडे झाडत होती.