एवढ्याशा शेवेनं

समोरच्या नानांच्या कुत्र्याचं, ब्रूनोचं, हृदय थकलंय. फुप्फुसांत पाणी साठतं, म्हणून डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलंय. तरी आज नाना बाकावर बसून त्याला शेव भरवत होते.

"नाना, खारट आहे ती," मी म्हणाले.

"अहो, एवढ्याशानं काय होतंय? जीव आहे त्याचा शेवेवर," म्हणत त्यांनी तेलकट बोटं ब्रूनोच्याच पाठीला पुसली.

शिसारी आली मला. आपल्याकडे प्रेम म्हणजे घास कोंबणं. मधुमेही आजोबांच्या तोंडातही आपण पेढा सारतो आणि वर आपणच गहिवरतो.

तेवढ्यात ब्रूनोला खोकल्याची उबळ आली. मान ताणून, तोंड वासून तो श्वासासाठी धडपडू लागला.

नाना कौतुकानं हसले. "बघा, अजून मागतोय!" आणि त्यांनी पुन्हा पुडीत हात घातला.