मनोहरच्या शोकसभेत मी जे बोललो

नव्या रायपूरहून परतणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये होतो, तेव्हा पल्लवीचा फोन आला. "काका, बाबा नहीं रहे." मनोहरच्या या एकुलत्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीतूनच देते. मी नुसतं "हव, हव" म्हणत राहिलो. बस रुंद, रिकाम्या रस्त्यावरून धावत होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आता वाद कोणाशी घालायचा? मित्र गेल्यावरही माणसाला आधी स्वतःचीच अडचण दिसते.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या सुमारास मी नोकरीसाठी अमरावतीहून इथे आलो आणि तात्यापारा मोहल्ल्यात भाड्याने राहिलो. मनोहर शेजारी. त्याचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून आलेले. तो स्वतः सिलतऱ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट. दर रविवारी सकाळी टपरीवर पोहे-जिलेबी आणि वाद, हा आमचा नेम. विषय एकच. माझं म्हणणं, जाणीव ही मेंदूची करामत. मेंदू थांबला की खेळ खलास. त्याचं नेमकं उलटं. "लोखंडाले वजन कोणं देलं, असं विचारतो का तू?" तो म्हणायचा. "ते असतेच. तसं जाणणंबी मुळातच असते. मेंदू ते फक्त गोळा करून राहिला." "मग दोन पेग घेतले की ते काहून सांडते?" मी विचारायचो. टपरीवाला भैया दोघांनाही वेड्यात काढायचा.

पुढे मनोहरच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो, तर तब्येत राहिली बाजूला, मी पहिलं हेच विचारलं, "भूल दिल्यावर काय होतं रे तिथे?" "काहीच नाही," तो म्हणाला. "अंधारबी नाही. हा मुद्दा तुझा." छातीला टाके पडलेला, उद्याचा भरवसा नसलेला माणूस स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देऊन मोकळा झाला. त्याच खाटेवरून त्याने माझ्याकडून वचन घेतलं. "मी पहिले गेलो तर शोकसभेत तू बोलजो. पण तू मानतो तेच बोलजो. माझ्या बाजूनं बोलणारे ढीगभर भेटतील." मी हो म्हटलं.

शोकसभा ब्राह्मणपाऱ्यातल्या मंदिराच्या सभागृहात झाली. पुढे वहिनी, नातेवाईक, माझे साहेबसुद्धा आलेले. वाक्य पाठ करून गेलो होतो, की मनोहर आता कुठेही नाही, म्हणूनच त्याचं असणं एवढं मोलाचं होतं. माइक हातात आला, समोरचे ओले डोळे दिसले आणि जीभ भलतीकडेच वळली. "मनोहरराव देहाने गेले, पण त्यांचं चैतन्य इथेच आहे. आत्ताही ते आपल्याला पाहत असतील." माना डोलल्या. साहेब नंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बहुत सुंदर बोले." माझं मत बदललं असतं तर गोष्ट वेगळी. ते तसूभरही बदललं नव्हतं. लोक काय म्हणतील, एवढ्या भीतीपायी मी त्याची श्रद्धा उसनी घेतली आणि वर शाबासकीही घेतली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. चपला घालताना पल्लवी हळूच म्हणाली, "काका, बाबा को आपसे ये नहीं सुनना था." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तोंड लपवत फिरलो. गेल्या रविवारी धीर करून त्यांच्या घरी गेलो. बैठकीत कूलरसमोर मनोहरची वेताची खुर्ची तशीच आहे; तिच्यावर वहिनी कोणाला कपडेही टाकू देत नाहीत. मी खाली सतरंजीवर बसलो.

"वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत आहे, भाऊजी. तुमचं काय ठरलं होतं, ते यायनं मले सांगितलं होतं." त्या चिडलेल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. "आता बोला न मग."

मग बोललो. सगळं, ठरलं होतं तसं. मेंदू थांबला तेव्हाच सगळं थांबलं. तू कुठेही नाहीस, मनोहर. काही ऐकत नाहीस, काही पाहत नाहीस... माझा आवाज चांगलाच चढला होता.

पल्लवी दारात उभी होती. "काका," ती म्हणाली, "ये आप बता किसको रहे हो?"

मी खुर्चीकडे तोंड करून बोलत होतो. भयंकर लाज वाटली, आणि तरी मान वळवता आली नाही.