रगत वगळून

डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं, तेव्हा मी नवऱ्याला एकच काम सांगितलं. दादरच्या वाचनालयातून त्या डिटेक्टिव्हचा नवा भाग आण. ही मालिका मी कॉलेजपासून वाचत आलेय. कुठल्याशा थंड परक्या शहरातला घटस्फोटित, दारुडा, तिरसट पोलीस अधिकारी, आणि दर भागात आधीच्यापेक्षा भयंकर खून. मराठी अनुवाद यथातथाच, पण सवय ती सवय. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं होतं. या खेपेला नुसतं आढ्याकडे बघत पडून राहिले असते तर डोक्याचं दही झालं असतं.

माझं माहेर फणसवाडीतलं. तिथे जेवताना ताटाशेजारी पुस्तक असलं तरी कोणी हटकत नसे, आणि त्यात काय लिहिलंय याची तर कोणाला पडलेलीच नसे. सासर लालबागचं, मालवणी. सासूबाई एरवी लाख चांगल्या, पण गरोदर बाईनं काय खावं, काय बघावं, काय वाचावं यावर त्यांचा कायदा कडक. त्यांनी माझ्या उशाशी पोथी ठेवली होती. पोथीखाली माझा डिटेक्टिव्ह.

एका दुपारी माझा डोळा लागला असताना त्यांनी पुस्तक उघडलं, ते नेमकं खुणेच्या पानावर. बाथटबमधलं प्रेत, कापलेले हात, सगळं साग्रसंगीत. मी जागी झाले तर पुस्तक गायब. संध्याकाळी नवऱ्याला ते तांदळाच्या डब्यात सापडलं.

"पोटातल्या पोराक ह्यां ऐकवतंस?" सासूबाई म्हणाल्या.

"मी मनात वाचते, आई."

"मनात वाचलंस तरी तेका ऐकाक येता. आतच आसा ना तां?"

मी चिडले, मग रडले. एका सात वर्षांच्या मुलीला पळवून नेलेलं, ती जिवंत आहे की नाही कळत नाही, आणि अर्धं पुस्तक शिल्लक. अशा ठिकाणी कोणी माणसाला तोडतं का? नवऱ्यानं "तुमचं तुम्ही बघा" म्हणून पायात चपला सरकवल्या. शेवटी तोडगा सासूबाईंनीच काढला. "मी वाचतंय आणि तुका सांगतंय. रगत वगळून."

दुसऱ्या दिवसापासून जेवणं आटोपली की त्या चष्मा लावून माझ्या पायाशी बसायच्या. ओठ हलवत, बोट फिरवत वाचायच्या. चार पानं वाचून झाली की दोन वाक्यं सांगायच्या.

"एक माणूस गेलो."

"कसा गेला?"

"गेलो. सगळेच जातत."

डिटेक्टिव्हचा घटस्फोट त्यांना पसंत नव्हता, म्हणून त्याची बायको माहेरी गेली होती. तो रात्रभर प्यायचा ते औषध. मी वैतागायचे, पण त्यांच्या तोंडाकडे बघून बरंचसं कळायचं. त्या मध्येच थांबून पदरानं चष्मा पुसायला लागल्या की समजायचं, आणखी एक मुडदा पडला.

मी मात्र रोज एकच विचारायचे, मुलगी सापडली का. कारण मी मनाशी एक पैज लावून बसले होते. ती सापडली तर माझंही बाळ नीट येईल. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. शिकल्यासवरल्या बाईनं असलं काही मनात धरावं याची लाज वाटायची, आणि भीती त्याहून जास्त वाटायची.

पुस्तक संपलं त्या दिवशी सासूबाई बाहेर गॅलरीत बसून वाचत होत्या. चहाची वेळ टळली तरी आत आल्या नाहीत. आल्या त्या चहा घेऊनच.

"गावलां गो चेडू," म्हणाल्या. मुलगी सापडली. डिटेक्टिव्हनं तिला आपल्या कोटात गुंडाळून घरी आणलं. तिच्या आजीनं तिला दारातच उभं केलं, मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, आणि मग मऊ भात तूप घालून भरवला.

मला हसू आवरेना. "आई, तिकडे कुठे दृष्ट काढतात?"

"आजी खंयची पण असांदे, दृष्ट काढताच."

पुस्तक त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या हाती परत पाठवलं. त्या रात्री मला फार दिवसांनी शांत झोप लागली.

आमची मुलगी सुखरूप झाली. ती पालथी पडायला लागली तेव्हा नवऱ्यानं आपणहून पुढचा भाग आणला. मी एका हातानं झोळीला झोका देत वाचायला घेतला. पहिल्याच प्रकरणात डिटेक्टिव्ह फुलं घेऊन दफनभूमीत जातो. एका लहानशा थडग्यापाशी उभा राहतो. थडग्यावर त्याच मुलीचं नाव.

मी ते पान परत वाचलं. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या.

"आई, ती मुलगी मेली होती."

"माका म्हायत आसा. मीच वाचलंय ना."

"मग मला तसं का सांगितलंत?"

"तेव्हा तुका दुसरां काय सांगतलंय?" त्यांनी सूप हलवलं, दोन खडे काढून बाजूला टाकले. मग मान वर न करता म्हणाल्या, "तू रोज इचारी होतंस, तेव्हाच माका कळलां. मी पण मनात तसांच धरलंय गो. तां चेडू गावलां तर आपलां पण नीट येतलां."

म्हणजे पैज आम्ही दोघींनी लावली होती, आणि हरल्या होत्या त्या एकट्या. माझं बाळंतपण होईपर्यंत ती हार पोटात ठेवून त्या मला रोज सकाळी पेज भरवत होत्या. आणि मी त्यांना, परक्या देशात दृष्ट काढायला लावली म्हणून हसत होते.