खंडेनवमीचं पॉलिश

गॅस डिटेक्टर म्हटलं की लोकांना स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवतो. "म्हणजे तुम्ही शेगड्या दुरुस्त करता का?" असं मला लग्नकार्यात हमखास विचारतात. मी "हो" म्हणते आणि भजी घ्यायला जाते. पन्नाशीत समजावून सांगायची हौस उरत नाही.

खरं काम असं. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं वर्कशॉप आहे. कारखान्यांतले गॅस मीटर आमच्याकडे तपासायला येतात आणि आमचे स्वतःचे आठ मीटर आम्ही भाड्याने देतो. बंद टाकीत माणूस उतरण्याआधी मीटरची नळी आत सोडायची. प्राणवायू पुरेसा आहे का, विषारी वायू आहे का आणि मुख्य म्हणजे पेट घेणारा वायू आहे का, हे आकड्यात दिसतं. आकडा वाढला की मीटर कान किटतील अशी शिट्टी मारतो. पेट घेणाऱ्या वायूचा आकडा शून्य असेल तर कामाच्या परवान्यावर, म्हणजे परमिटवर, सही होते आणि वेल्डर आत जातो. प्रत्येक मीटर तपासून त्यावर तारखेचं स्टिकर लावायचं आणि त्या स्टिकरवर सही करायची, हे माझं काम. बावीस वर्षं मी ते करत आले होते आणि त्याचा मला भलता अभिमान होता.

तपासणी वेगळी आणि रोजची फुंकर वेगळी. पाण्याच्या बाटलीएवढ्या एका डब्यात आमच्याकडे माहितीतला गॅस भरलेला असतो. मीटर बाहेर नेण्याआधी तो त्याच्यावर सोडायचा आणि शिट्टी वाजते का बघायचं. याला आम्ही फुंकर म्हणतो. स्टिकर कितीही ताजं असलं तरी फुंकर चुकवायची नाही, हा नियम मीच भिंतीवर लिहून लावला होता. त्याच कागदावर दुसरं वाक्य होतं : "मीटरजवळ सिलिकॉनचा स्प्रे वापरणाऱ्याने स्वतःची अक्कल घरी ठेवून येऊ नये." मीटरच्या आत मोहरीएवढा तापलेला मणी असतो. पेट घेणारा वायू त्यालाच कळतो. सिलिकॉनची वाफ बसली की मणी मेला. बाकी सगळं चालू राहतं, दिवा लागतो, प्राणवायू बरोबर दिसतो, फक्त तो एक आकडा कायमचा शून्य होतो. शिकाऊ मुलांना मी हे घसा फोडून सांगत आले आहे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, वजनाचा काटा आणि मीटर, सगळे टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, पेढे. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मीटर चालू ठेवून आम्ही कापूर लावला होता, तर सगळे मीटर एकदम किंचाळले आणि आरती कुठे होती ते कोणालाच कळलं नाही. तेव्हापासून कापूर बाहेर पायरीवर लावतो, पण मीटर मात्र चालू ठेवतो. हिरवे दिवे लुकलुकताना छान दिसतात.

त्या वर्षी मला वाटलं, मीटर फारच मळकट दिसताहेत. घरी जाताना गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश घेतलं. सकाळी लवकर येऊन सात मीटर पुसले, भरपूर फवारून, फडक्याने घासून. भिंतीवरच्या कागदावर तेव्हा झेंडूचं तोरण लटकत होतं, तेही मीच लावलेलं. सातही मीटर नव्या भांड्यांसारखे चकाकले. आठवा मीटर जुना पिवळा, काच तडकलेली, पाठीला चिकटपट्टी. तो पूजेला मांडण्याच्या लायकीचा नाही म्हणून मी खणात टाकला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी वर्कशॉप उघडलं. पहिलं काम पूजा उचलायचं. फुलं पिशवीत भरताना कापडावर गॅसचा डबा दिसला, कुंकू लावलेला, वर एक झेंडू. शेजारची मीटरची जागा रिकामी होती. आमचा टेक्निशियन सकाळीच स्वतःच्या किल्लीने मीटर घेऊन गेला होता, हडपसरच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात. थिनरच्या टाकीत वेल्डिंग होतं. मीटर नेला होता, डबा विसरला होता.

आधी मला फक्त राग आला. हा माणूस वर्ध्याचा, दहा वर्षं आमच्याकडे आहे, दोन मुलींचा बाप, कामाला चोख, पण सकाळी घाईत असला की डबा-किल्ली-रुमाल यातलं एक काहीतरी मागे राहतं. आल्यावर बोलायचं म्हणून मनात वाक्य जुळवत मी राहिलेल्या मीटरना फुंकर घालायला बसले. 

पहिला मीटर, शून्य. डब्याची तोटी नीट बसली नसेल. पुन्हा, शून्य. दुसरा मीटर, शून्य. तिसराही. डबा रिकामा असेल म्हणून मी खणातला पिवळा काढला आणि त्याच्यावर गॅस सोडला. तो असा ओरडला की शेजारच्या क्लासमधल्या बाई दारात आल्या.

"काही झालं का हो?"

"नाही, नाही," मी म्हटलं. माझ्या हाताला पॉलिशचा गोड वास येत होता. बाटली कपाटावर होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे लिहिलं होतं ते चष्मा लावून वाचलं : सिलिकॉन.

टेक्निशियनला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. रंगाच्या कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करतात हे मला पाठ होतं, तरी लावत राहिले. चौथ्यांदा कोणीतरी उचलला.

"कोन बोलतंय? हितं टोपलीत धा फोन हायती, सारखा ह्योच वाजतोय."

गेटवरचा वॉचमन. मी म्हटलं, आत टाकीवर जा आणि काम थांबवा, मीटर खराब आहे.

"गेट सोडून मला जाता येत न्हाई मॅडम."

"मग आत फोन लावा."

"लावतो की. पर सायेब जाग्यावर न्हाईत, उचलंना कोनी."

"अहो, माणसं मरतील!" मी ओरडले. क्लासमधल्या बाई अजून दारातच होत्या.

वॉचमन म्हणाला, "बगतो," आणि फोन ठेवला. बघतो म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला कळलं आहे?

वर्कशॉपचे मालक गावाला गेलेले, त्यांचा फोन लागेना. मी डबा आणि पिवळा मीटर कापडी पिशवीत टाकला, पिशवी स्कूटरच्या हुकला अडकवली आणि निघाले. कुलूप लावलं की नाही ते आजही आठवत नाही.

टिळक रोडवरून स्वारगेटपर्यंत मी कशी आले ते सांगता येणार नाही. रिक्षांच्या पुढे दसऱ्याचे हार सुकून लोंबत होते. भैरोबा नाल्याच्या सिग्नलला एक बस आडवी उभी होती आणि ड्रायव्हर निवांत खाली उतरून कंडक्टरशी बोलत होता. मी हॉर्न दाबून धरला. "ताई, उडून जा की," शेजारचा स्कूटरवाला म्हणाला. एरवी मी त्याला दोन शब्द ऐकवले असते. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एक चित्र होतं, वेल्डर कांडी धरलेला होल्डर टेकवतो आणि ठिणगी पडते. त्या चित्रात टाकीच्या तोंडाशी आमचा टेक्निशियन उभा असे, हातात चकचकीत मीटर, त्यावर शून्य. त्याच्या दोन मुली दरवर्षी आमच्या पूजेला येतात. परवाही आल्या होत्या. धाकटीने विचारलं होतं, "आत्या, हे एवढे नवीन कधी आणले?" आणि मी खुशीत हसले होते.

मी देवाला हात जोडले नाहीत. त्याच्याच निमित्ताने हे झालं होतं, त्याला काय सांगायचं?

रामटेकडीपाशी वाटलं की लांबवर धूर दिसतो आहे. पुढे गेल्यावर कळलं, रस्त्याकडेला कोणी पालापाचोळा जाळत होतं.

कारखान्याच्या गेटवर वॉचमन जागेवर नव्हता. गेट सोडून जाता येत नाही म्हणणारा माणूस गेट उघडं टाकून गेला होता. मी नोंद न करता आत धावले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

टाकी मागच्या शेडमध्ये होती. वेल्डर पायरीवर बसून पाणी पीत होता, होल्डर मांडीवर. दोघे जण केबलला जोड देत होते, ती हात-दीड हात कमी पडल्याने काम अडलं होतं. वॉचमन सेफ्टी ऑफिसरसमोर उभा राहून काहीतरी सांगत होता आणि ऑफिसर नकारार्थी मान हलवत होते. आमचा टेक्निशियन मला बघून चमकला. 

"ताई, तुम्ही इथं?"

मी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग मीटरवर फुंकर घातली. शून्य. त्याने मीटर उलटा केला, पुन्हा घातली. शून्य.

"अहो मॅडम, परमिट झालंय," ऑफिसर म्हणाले. "रीडिंग झीरो आहे. सकाळपासून तीनदा घेतलं."

मी पिवळ्या मीटरची नळी टाकीत सोडली. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग तो तडकलेला, चिकटपट्टीचा मीटर किंचाळायला लागला आणि थांबेचना. वेल्डरने हातातला पेला खाली ठेवला. त्याने मांडीवरचा होल्डर दोन बोटांनी उचलला आणि लांब जमिनीवर नेऊन ठेवला. मी शेडच्या खांबाला धरून उभी राहिले.

ऑफिसरनी विचारलं, "मीटर बिघडला कसा?"

"सेन्सर जातात कधीकधी," असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी कबूल करते.

"मी पॉलिश मारलं," मी म्हटलं. "पूजेसाठी."

त्यांनी टाकीकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "छान. प्रसाद आम्हालाच मिळणार होता." मी मान खाली घातली. पुण्यात जन्म गेला, पण टोमणा इतका नेमका बसलेला आठवत नाही.

टाकी पुन्हा धुवायला घेतली. आम्ही दोघं गेटकडे चालत निघालो. मी त्याच्यावर चिडायचं ठरवलं होतं, डबा विसरल्याबद्दल. निदान तेवढी तरी चूक त्याची होती, आणि मला ती हवी होती.

"डबा नव्हता तर थांबायचंस," मी म्हटलं. "फुंकर न घालता शून्य लिहिलंस कसं? आणि नाक नव्हतं का तुला? थिनरचा वास तर मला शेडच्या बाहेर आला."

टोपलीतून त्याने स्वतःचा फोन घेतला, त्यावरचे माझे कॉल बघितले.

"वास त येत होता जी, ताई," तो म्हणाला. "वेल्डर बी म्हणत होता. मी त्याले म्हटलं, वासाचं काही खरं नसते. स्टिकरवर आमच्या ताईची सही आहे."

ते सात मीटर आम्ही बाद केले. पिवळा आता पूजेत मधोमध असतो, कोरड्या फडक्याने पुसलेला. टेक्निशियन आजही रोज सकाळी मीटर घेतो, पण आता तो डबा विसरत नाही. माझी ताजी सही असलेल्या मीटरवर, माझ्यादेखत, तो फुंकर घालतो. मान वर करून बघत नाही. दर वेळी ते माझ्या मनाला लागतं. तरीही मी हातातलं काम टाकून तिथेच उभी राहते, आणि शिट्टी वाजल्याशिवाय त्याला जाऊ देत नाही.