सिद्धम्माच्या हातचं खोकड

लातुरात क्लासेसच्या गल्लीत सिद्धम्मा बिराजदारचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वरच्या मजल्यावर मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी भाड्यानं राहायच्या, आणि त्यांचे ड्रेस बेतून देता देता सिद्धम्मा त्यांची अर्धी आई होऊन बसलेली.

त्यातली मनस्विनी कंधारची, शाळामास्तरांची मुलगी. दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. जेवायलासुद्धा सगळ्यांच्या मागून उतरायची, मान खाली. ती एका दुपारी आपणहून दुकानात आली आणि मशीनवर एक चित्र ठेवलं. दोन पायांवर उभं राहिलेलं, झुबकेदार शेपटीचं खोकड.

"मावशी, याचा वेष शिवाल?"

"गॅदरिंग हाय का कालेजात?"

"गॅदरिंग नाही. ही झुपकी. म्हणजे... ही मीच आहे."

सिद्धम्मानं कात्री खाली ठेवली. मनस्विनीनं मोबाइलवर फोटो दाखवत अडखळत सगळं सांगितलं. जगभर अशी माणसं आहेत, त्यांना फरी म्हणतात. ज्यानं त्यानं आपला एक प्राणी मनानं रचायचा, त्याला नाव द्यायचं, स्वभाव द्यायचा, चित्रं काढायची. जमलं तर त्याचा केसाळ वेष घालून एकमेकांना भेटायचं. वेष परदेशातून मागवायचा म्हटलं तर आवाक्याबाहेरचा.

"वंगाळ काही न्हाई ना यात?"

"नाही हो. नाचायचं, हसायचं, गप्पा मारायच्या."

"आपल्या देशात हायत का असली माणसं?"

"आहेत. दोन जीपमध्ये मावतील एवढी," मनस्विनी पहिल्यांदाच हसली. मग हळूच म्हणाली, "मनस्विनी म्हणून माझं तोंड उघडत नाही, मावशी. झुपकी म्हणून मी कुणाशीही बोलते."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. सिद्धम्माला हसू आलं नाही. किल्लारीच्या भूकंपात तिचा नवरा आणि घर दोन्ही गेलं, तेव्हा तिचा मन्मथ पाच वर्षांचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आल्यापासून पोरगं बोलायचंच थांबलं. डॉक्टर झाले, अंगारे झाले. शेवटी सिद्धम्मानं मदतीत आलेल्या पोत्याचं एक अस्वलाचं तोंड शिवलं, स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि त्याच्यासमोर फतकल मारून बसली. पोरगं सरकत जवळ आलं आणि अस्वलाला म्हणालं, "तुला बी भ्या वाटतंय का?" आईला जे सांगता आलं नव्हतं, ते सगळं त्यानं त्या अस्वलाला सांगितलं. मन्मथ आता पुण्यात इंजिनिअर होता, फोनवर बोलायला लागला की थांबायचा नाही.

"माप दे," सिद्धम्मा म्हणाली.

पण काम सोपं नव्हतं. फरचं कापड हैदराबादहून आलं, स्पंज गादीवाल्याकडून. पहिलं डोकं तयार झालं आणि वरच्या सगळ्या पोरी ओरडल्या, "मावशी, हे तर डुक्कर झालं!" दुसरं दिसायला देखणं झालं, पण सिद्धम्मा ते घालून स्वतः दुकानापुढच्या पत्र्याखाली बसली तर तिलाच भोवळ आली. लातूरचा मे महिना तो. मग तिनं स्पंज आतून पोखरला, उघड्या तोंडाला काळी जाळी लावली, नाकाडात कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला आणि अस्तराला आपलं जुनं मऊ लुगडं फाडलं. तिसरं डोकं घालून मनस्विनी गल्लीतून मिरवून आली. घाम आला, पण जीव घाबरला नाही.

नेमकं त्याच आठवड्यात मनस्विनीचे वडील, राघवेंद्र सर, कंधारहून आले. मशीनवर ठेवलेलं ते डोकं बघून त्यांचा आवाज चढला. "डॉक्टर व्हायला पाठवलं होतं हिला, कोल्हा व्हायला नाही!"

"कोल्हा न्हाई सर, खोकड हाय," सिद्धम्मा शांतपणे म्हणाली. "आधीपासून पोरगी गप्प गप्प राहायची. आता वरच्या पोरींसंगं जेवायली, हसायली. जरा ऐका तरी."

मनस्विनी मान खाली घालून उभी होती. तिनं मशीनवरचं डोकं उचललं आणि चढवलं. मग आतून स्पष्ट आवाज आला, "बाबा, मला माणसांचं डॉक्टर व्हायचं नाही. मला जनावरांचं व्हायचंय. दोन वर्षं सांगायचं होतं, हिंमत नव्हती."

सर स्टुलावर बसले. त्या खोकडाच्या काचेच्या डोळ्यांकडं बघत एकेक प्रश्न विचारत राहिले, खोकड उत्तरं देत राहिलं. शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेपटी कुठंय हिची?"

मनस्विनीला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. त्या हिवाळ्यात बेंगळुरूला फरी मंडळींचा मेळा होता. सरांनी एकच अट घातली, सिद्धम्मानं सोबत जायचं. तिथं परदेशी वेष घातलेले लांडगे दहा मिनिटांत डोकी काढून पंख्याखाली येत होते, आणि झुपकी मात्र नाचतच होती. पोरंपोरी विचारत विचारत सिद्धम्माजवळ आली. तिला ना इंग्रजी येत होतं, ना तिथलं काही माहीत होतं. कन्नड मात्र माहेरचं होतं. तिनं सरळ एका बिबट्याचं माप घ्यायला सुरुवात केली.

पुढं गल्लीतल्या चार बायका तिच्या हाताखाली आल्या. दुकानातून मुंगसं निघाली, घुबडं निघाली, एक निळं गाढवसुद्धा निघालं. गुवाहाटीपासून कोचीपर्यंत पार्सलं जायला लागली. दरवर्षी नवी पोरं, नवे प्राणी. एकदा सिद्धम्माच म्हणाली, "सारखं बेंगळुरू, मुंबई काय करायलात? आमच्या मराठवाड्यात या की."

सगळे आले नांदेडला, लग्नाचं मंगल कार्यालय घेऊन. मॅनेजरनं विचारलं, "नवरदेव कोण?" मनस्विनी, आता डॉक्टर मनस्विनी, म्हणाली, "सगळेच." जेवणाच्या पंगतीला अर्धापूरची केळी होती आणि सालं खाली पडली की वाघ-सिंह निमूटपणे उचलत होते. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. राघवेंद्र सर दारात उभे राहून येणाऱ्यांना शेपट्या सांभाळायला सांगत होते.

मनस्विनीनं माइकवर सिद्धम्माचं नाव पुकारलं. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. तेव्हा मागचं दार उघडलं आणि एक काळीभोर म्हैस आत आली. वळणदार शिंगं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर हिरवं इरकली लुगडं. डुलत डुलत, कुणाची घाई न करता ती मधोमध चालत राहिली आणि सगळं जंगल दोन्ही बाजूंना सरकून तिला वाट देत गेलं.

स्टेजवर चढून तिनं माइक हातात घेतला.

"नाव गंगी," ती म्हणाली. "वाजवा रे आता, नाचायचंय मला."